सुरत ते जळगाव : आकाशातील अंतर आणि घरापर्यंतचा वेळ

‘सुरतेहून जळगाव किती लांब आहे?’ हा प्रश्न आपल्या लिंबायतेत दहा जणांना विचारला, तर बहुधा एकही जण किलोमीटरांत उत्तर देणार नाही. कोणी म्हणेल, ‘पाच तास.’ कोणी म्हणेल, ‘रात्री बसलं की पहाटे गाव.’ कोणी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर अशी स्टेशनेच एकामागून एक बोटांवर मोजून दाखवील. माणूस अंतर विचारतो तेव्हा त्याच्या मनात वस्तुतः वेळ असतो. भूगोलाचे पुस्तक मात्र अंतराची आणि वेळेची निरनिराळी मापे सांगते. ही दोन मापे कोठे जुळतात, कोठे फारकत घेतात आणि का घेतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण दूरदेशीचे न घेता आपल्या घराजवळचेच घेऊ. एका टोकाला सुरतेचा विमानतळ आणि दुसऱ्या टोकाला जळगावचा.

हे उदाहरण निवडण्यास कारण आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतील कितीतरी मराठी कुटुंबांची मुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आहेत. मागावर काम करणारे वडील, कापडबाजारात नोकरी करणारा काका आणि गावी शेताची राखण करीत राहिलेली आजी, अशी ही घरे तापीच्या दोन टोकांना विभागलेली आहेत. लग्नसराई असो, अक्षय्यतृतीया असो की एखादी दुःखाची वार्ता असो, ‘किती वेळात पोहोचू?’ हा प्रश्न येथे पुस्तकातला नसतो, तो घरातला असतो.

दोन विमानतळांची ओळख

सुरतेचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस, मगदल्ला-डुमसच्या बाजूस, समुद्राच्या जवळ आहे. त्याची धावपट्टी सुमारे २,९०० मीटर लांब आहे. डिसेंबर २०२३ मध्ये येथील नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात त्याला आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जा मिळाला. जळगावचा विमानतळ त्या मानाने लहान आहे. तेथे जुनी धावपट्टी होती. तिचा विकास होऊन २३ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रतिभाताई या स्वतः जळगाव जिल्ह्याच्या कन्या. मात्र उद्घाटनानंतर नियमित प्रवासी सेवा सुरू होण्यास २०१७ सालचा डिसेंबर उजाडावा लागला. येथील धावपट्टी सुमारे १,७०० मीटरांची आहे.

धावपट्टीच्या लांबीकडे विद्यार्थ्यांनी दुर्लक्ष करू नये. मोठ्या जेट विमानाला जमीन सोडण्यापूर्वी व उतरल्यावर थांबण्यासाठी लांब पट्टी लागते. लहान, पंख्यांच्या म्हणजे प्रोपेलरच्या विमानाला त्याहून पुष्कळ आखूड पट्टी पुरते. म्हणून सुरतेस मोठी जेट विमाने उतरू शकतात, तर जळगावसारख्या विमानतळावर सत्तरएक प्रवाशांचे प्रोपेलरचे विमान सोयीचे पडते. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरांच्या पुढे जाते; हे लहान विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास. तात्पर्य, प्रवासाचा वेळ आकाशात ठरतो असे आपल्याला वाटते खरे, पण त्याचा पहिला निर्णय जमिनीवरील पट्टीची लांबी देऊन टाकते.

अक्षांश-रेखांशांचा हिशेब

आता अंतर काढू. त्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही. नकाशा, कागद आणि पेन्सिल एवढे पुरे.

सुरत विमानतळ २१ अंश ७ कला उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ४५ कला पूर्व रेखांशावर आहे. जळगाव विमानतळ २० अंश ५८ कला उत्तर अक्षांशावर आणि ७५ अंश ३८ कला पूर्व रेखांशावर आहे. (एका अंशाच्या ६० कला होतात, हे आपण जाणताच.) दोहोंच्या अक्षांशांत फरक केवळ ९ कलांचा. म्हणजे ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. रेखांशांतील फरक मात्र २ अंश ५३ कला, म्हणजे सुमारे २.८८ अंश आहे.

एका अंशाचे किलोमीटर किती? अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर हे माप ठरविण्यात आले, तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर एक कोटी मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटर धरावे, अशी त्यामागील कल्पना होती. तेव्हा पृथ्वीचा पूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्यास ३६० ने भागले की अक्षांशाच्या एका अंशाचे १११ किलोमीटर येतात. ही संख्या कायमची ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रेखांशांची गोष्ट वेगळी. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत अखेर एका बिंदूत मिळतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडी जशा मध्यभागी रुंद आणि टोकांना निमुळत्या, तसेच हे आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा, ६० अंश अक्षांशावर तो निम्मा, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटरांचा आणि ध्रुवावर शून्य. मधल्या ठिकाणी किती, हे त्या अक्षांशाचे कोसाइन सांगते. आपल्या पूर्वजांच्या गणितात यासच कोटिज्या म्हणत. २१ अंशांचे कोसाइन सुमारे ०.९३४ आहे. १११ ला ०.९३४ ने गुणले की १०३.७ किलोमीटर येतात. सुरत-जळगावच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश एवढा रुंद आहे.

पुढचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही येईल. पूर्व-पश्चिम अंतर : २.८८३ गुणिले १०३.७, म्हणजे २९९ किलोमीटर. उत्तर-दक्षिण अंतर : ९ कला म्हणजे ०.१५ अंश, गुणिले १११, म्हणजे सुमारे १७ किलोमीटर. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मनात काढा आणि त्याचा कर्ण शोधा. २९९ चा वर्ग ८९,४०१, १७ चा वर्ग २८९, बेरीज ८९,६९०. तिचे वर्गमूळ सुमारे २९९.५. याचा अर्थ, सुरत आणि जळगाव येथील विमानतळांतील सरळ अंतर ३०० किलोमीटर आहे. वैमानिक आणि खलाशी हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. अक्षांशाच्या एका कलेइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १,८५२ मीटर. त्या हिशेबाने आपले अंतर १६२ सागरी मैलांचे होते.

येथे एक सूचना. पृथ्वी गोल आहे आणि आपण तर सपाट त्रिकोण वापरला. तीनशे किलोमीटरांच्या टापूत त्यामुळे काही बिघडत नाही. पण फार लांबच्या प्रवासात बिघडते. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात तो वाकडा दिसतो, परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तोच सरळ असल्याचे ध्यानात येते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आणले. हा मार्ग सुमारे १४,००० किलोमीटरांचा होता. अमेरिकेहून भारतात यावयाचे आणि वाटेत उत्तर ध्रुव लागतो कसा, याचे उत्तर भिंतीवरच्या नकाशात सापडणार नाही. पृथ्वीगोल हातात घेतला म्हणजे सापडेल.

खानदेश आणि रेखांशाची जुनी परंपरा

रेखांश ही कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून घेतली, असा पुष्कळांचा समज असतो. प्राचीन भारतीय ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा मूळ रेषा मानीत. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी ही रेषा. कोणतेही गाव या रेषेच्या पूर्वेस की पश्चिमेस आणि किती दूर, यावरून तेथील पंचांगाच्या वेळेत करावयाच्या फरकास त्यांनी ‘देशांतर’ अशी संज्ञा दिली होती.

उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४७ कला आहे. नकाशावर पट्टी ठेवून ही रेषा खाली आणली, तर ती भुसावळजवळून जाते आणि जळगावचा विमानतळ तिच्या पश्चिमेस अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर राहतो. म्हणजे आपल्या नातलगांची गावे ज्या भागात आहेत, तो भाग जुन्या भारतीय भूगोलाच्या मध्यरेषेला लागून आहे. त्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, त्यास इ. स. १२०७ मध्ये मिळालेल्या देणगीची नोंद या लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. ज्या मातीत आठशे वर्षांपूर्वी कोटिज्या शिकविली जात होती, त्या मातीतील मुलांनी ‘गणित आमच्या घराण्यात नाही’ असे म्हणणे शोभणार नाही.

देशांतराचा वेळेशी संबंध सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. सुरत-जळगावमध्ये २.८८ अंशांचा फरक आहे, म्हणून जळगावला मध्यान्ह सुरतेच्या सुमारे साडेअकरा मिनिटे आधी होते. आपली घड्याळे ८२ अंश ३० कला या रेखांशावरील प्रमाणवेळ दाखवितात, म्हणून दोन्हीकडे काटे सारखेच चालतात. सूर्य मात्र दोन्ही गावांचा वेगळा हिशेब ठेवतो.

तीनशे किलोमीटरांचा वेळ

आता वेळेकडे वळू. क्षणभर असे समजू की सुरतेहून जळगावला जाणारे थेट विमान आहे. विमानसेवा सुरू होतात, बंद पडतात, पुन्हा सुरू होतात. अंतर तेवढे बदलत नाही. ताशी ५०० किलोमीटर वेगाने ३०० किलोमीटर जाण्यास ३६ मिनिटे लागतील, असे त्रैराशिक सांगते. वेळापत्रकात मात्र अशा प्रवासाला तासभर दिलेला आढळेल. मधली चोवीस मिनिटे कोठे जातात?

पहिली गोष्ट, विमान इमारतीपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते. तेथे त्याला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. दुसरी गोष्ट, विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि वाऱ्याकडेच तोंड करून उतरते. सुरतेची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य अशी आहे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून विमान नैर्ऋत्येकडे झेपावते. जळगाव पूर्वेस आणि झेप समुद्राकडे! तेव्हा आधी वळसा घ्यावा लागतो आणि मग पूर्वेची वाट धरावी लागते. तिसरी गोष्ट, चढताना आणि उतरताना विमानाचा वेग पूर्ण नसतो. लांबच्या प्रवासात ही चढ-उतार नगण्य ठरते. तीनशे किलोमीटरांच्या प्रवासात मात्र चढणे संपते न संपते तोच उतरण्याची तयारी करावी लागते. म्हणून प्रवास जितका आखूड, तितका सरासरी वेग कमी.

चौथी गोष्ट वाऱ्याची. उत्तर भारतावर हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. समजा, वारा ताशी १०० किलोमीटरांचा आहे. जळगावला जाताना तो पाठीशी, म्हणून वेग ६०० आणि वेळ ३० मिनिटे. परतताना तो समोरून, म्हणून वेग ४०० आणि वेळ ४५ मिनिटे. जाता-येता एकूण ७५ मिनिटे. वारा नसता तर ३६ आणि ३६ मिळून ७२ मिनिटे लागली असती. जाताना वाचलेला वेळ येताना भरून निघतो अशी आपली कल्पना. पण तसे घडत नाही. प्रतिकूल वाऱ्यात आपण अधिक वेळ राहतो, म्हणून वारा नेहमी थोडे अधिकच वसूल करतो. तापीत होडी चालविणाऱ्या नावाड्यालाही हाच अनुभव येतो.

आता विमानाबाहेरचा वेळ मोजा. लिंबायतहून शहर ओलांडून विमानतळावर पोहोचण्यास पाऊण ते एक तास. सामानाची व अंगाची तपासणी यांसाठी तास-सव्वा तास आधी हजर राहावयाचे. उड्डाणाचा एक तास. जळगावला उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास व शहरात पोहोचण्यास आणखी पाऊण तास. बेरीज पावणेचार तासांच्या आसपास जाते. आकाशातील ३६ मिनिटांचे घरापासूनचे रूप हे असे आहे!

आगगाडीचा जबाब

आता उधन्याच्या स्टेशनाकडे या. तेथून पूर्वेस फुटणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग विसावे शतक उजाडता उजाडता सुरू झाला. त्याचे दुपदरीकरण २०१८ साली पूर्ण झाले. उधना ते जळगाव लोहमार्गाची लांबी सुमारे ३०७ किलोमीटर आहे. याच दोन स्टेशनांतील आकाशरेषेचे अंतर आपल्या रीतीने काढले, तर ते २८२ किलोमीटरांच्या आसपास येते. म्हणजे शंभर किलोमीटर सरळ अंतरासाठी गाडी केवळ १०९ किलोमीटर धावते. डोंगराळ मुलखातील लोहमार्गांशी तुलना केली, तर हे प्रमाण फारच चांगले म्हटले पाहिजे.

याचे श्रेय इंजिनियरांइतकेच तापीला आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या रांगा, यांच्यामध्ये नदीने पूर्व-पश्चिम असा एक लांबलचक सखल पट्टा तयार करून ठेवला आहे. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडे, अमळनेर, धरणगाव ही स्टेशने त्या पट्ट्यात मण्यांसारखी ओवलेली आहेत. नवापूरच्या स्टेशनाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे. एकाच फलाटावर उभे राहून माणूस दोन राज्यांचे पाणी पिऊ शकतो.

वेगवान गाडीला या मार्गाला सुमारे पाच तास लागतात. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर पुष्कळ अधिक वेळ घेते. घरून उधन्यास जाण्याचा व गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरला, तर सहा तास म्हणू. विमानाशी तुलना करता दोन-सव्वादोन तासांचा फरक उरतो.

परंतु आपल्यापैकी किती जणांचे घर जळगाव शहरात आहे? ज्यांचे गाव नंदुरबारकडे आहे, त्यांना आगगाडी अर्ध्या वाटेवरच उतरवून देते. तेच कुटुंब विमानाने गेले, तर ते आपल्या गावावरून उडत पुढे जाईल आणि जळगावला उतरून तितकेच अंतर मागे येईल. साने गुरुजींची कर्मभूमी असलेल्या अमळनेरची तीच गोष्ट. विमान दोन बिंदू जोडते. आगगाडी एक ओळ जोडते. ज्याचे घर त्या ओळीवर आहे, त्याला बिंदूंमधील वेग उपयोगी पडत नाही. गावाहून आजारपणाची वार्ता येते तेव्हा घरातील वडील माणसे घाईत विचारतात, ‘विमान मिळेल का?’ त्या घडीला शांतपणे हा हिशेब मांडणारा एक मुलगा किंवा मुलगी घरात असणे, ही लहान गोष्ट नव्हे. तासभर वाचविण्यासाठी सकाळच्या विमानाची वाट पाहात रात्रभर बसण्यापेक्षा रात्रीची गाडी पकडणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. आणि ज्यांना जळगावच्या पलीकडे, नागपूर-हैदराबादकडे जावयाचे आहे, त्यांच्या बाबतीत नेमके उलट ठरू शकते.

जेथे जमीन अडविते

मग लहान विमानतळांचा उपयोग तो काय? याचे उत्तर सुरतेच्या दक्षिणेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर असलेल्या दमणमध्ये मिळते. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे हा इतिहास त्याला जवळचा वाटतो.

१९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटली. पुढच्या वर्षी गोव्यातील सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने पोर्तुगीज वसाहतींची नाकेबंदी केली. आगगाडी थांबली, सीमा बंद झाल्या. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे एकमेकांपासून तुटले. तेव्हा पोर्तुगीज सरकारने तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या बांधून १९५५ मध्ये स्वतःची विमान कंपनी सुरू केली. दमण ते दीव हे आकाशातील अंतर सुमारे २०० किलोमीटर. ताशी ३०० किलोमीटर वेगाच्या विमानास चाळीस मिनिटे पुरतात. परंतु मध्ये खंभातचे आखात पसरले आहे आणि जमिनीवरून त्याला वळसा घालावयाचा तर सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवावा लागतो; तोही त्या काळी त्यांना बंद होता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने हे तिन्ही प्रदेश मुक्त केले आणि त्या कंपनीचा खेळ संपला. राजवट गेली, आखात मात्र जेथल्या तेथे राहिले. आजही दमण आणि दीव एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत आणि त्यांच्यामध्ये तोच समुद्र आहे.

आपल्या हजिऱ्याचेही असेच. हजिरा आणि आखातापलीकडचे घोघा यांत समुद्रमार्गे ९० किलोमीटर. रस्त्याने मात्र सुमारे ३७० किलोमीटर. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये वाहने वाहून नेणारे जहाज तेथे सुरू झाले. काश्मिरात श्रीनगर ते लेह सरळ अंतर सुमारे २५५ किलोमीटर, म्हणजे आपल्या सुरत-जळगावपेक्षाही कमी; पण रस्ता ४२० किलोमीटरांच्या आसपास आणि हिवाळ्यात झोजी ला खिंड बर्फाने बुजते. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी लेहच्या घाईघाईने केलेल्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरविले, तेव्हा त्या एका धावपट्टीने लडाखच्या रक्षणास हात दिला. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्क्नी बेटांत तर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधील विमानप्रवास अवघा पावणेतीन किलोमीटरांचा असून तो दोन मिनिटांत संपतो. आपण एवढे अंतर चालत जाऊ. पण समुद्रावरून चालणार कोण?

या सर्व उदाहरणांतून एक नियम हाती लागतो. दोन ठिकाणांमधील जमिनीवरच्या मार्गाची लांबी घ्या आणि तिला सरळ अंतराने भागा. उधना-जळगावचे उत्तर १.०९ येते, श्रीनगर-लेहचे दीडपटीहून अधिक, दमण-दीवचे तिपटीच्या वर, हजिरा-घोघ्याचे चौपटीच्या आसपास. ही संख्या एकच्या जवळ असेल आणि अंतर तीनशे किलोमीटरांच्या आत असेल, तर आगगाडीवर भरवसा ठेवावा. संख्या जसजशी वाढेल तसतशी विमानाची आणि जहाजाची गरज वाढते. डोंगर, खाडी, बर्फ किंवा बंद सीमा यांना विमान जे ओलांडून जाते, त्यातच त्याचे खरे सामर्थ्य आहे. गाव दुर्गम आहे की नाही हे किलोमीटर सांगत नाहीत. वाटेत काय आडवे पडले आहे, ते सांगते.

सुट्टीतील उद्योग

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सुरत व जळगाव या दोन्ही ठिकाणी मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. त्या दिवसांत तुमच्यापैकी पुष्कळ जण गावी असतात. दोन मित्रांनी असे करावे : एकाने लिंबायतेत गच्चीवर, दुसऱ्याने जळगावी अंगणात, एकाच दिवशी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. भ्रमणध्वनीवरील घड्याळ लावून, पश्चिमेकडची सावली सरून पूर्वेकडे केव्हा वळते ती वेळ मिनिटापर्यंत टिपून ठेवावी. लिंबायतेत ती साडेबारा वाजून गेल्यावर पाच-सहा मिनिटांनी येईल, जळगावला बारा पंचवीसच्या सुमारास. दोन वेळांतील फरकास ४ ने भागा : रेखांशाचा फरक अंशांत मिळेल. त्याला १०३.७ ने गुणा : किलोमीटर मिळतील. एका मिनिटाची चूक म्हणजे २६ किलोमीटरांची चूक होते, म्हणून काळजीपूर्वक पाहावे आणि दोन-तीन दिवसांच्या नोंदींची सरासरी काढावी.

ज्यांना आणखी हौस असेल, त्यांनी गोव्याच्या मोपा विमानतळाचे अंतरही काढावे. तेथून २०२४ साली जळगावला विमान जाऊ लागले, तेव्हा कोंकणी आणि खानदेशी माणसांच्या गाठीभेटी पुष्कळ सोप्या झाल्या. मोपा १५ अंश ४४ कला उत्तर आणि ७३ अंश ५२ कला पूर्व येथे आहे. मधल्या अक्षांशाचे कोसाइन ०.९४९ धरावे. उत्तर ६१० किलोमीटरांच्या जवळपास आले, तर रीत कळली असे समजावे. आणि मग नकाशात सह्याद्री पाहून, येथे गाडी बरी की विमान बरे, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या बुद्धीने करावा.